पिवळी फीत

फिती इतवारीहून आल्या होत्या,
रुखवताच्या ताटांवर बांधतात तसल्या,
सोनेरी काठाच्या.
लाल : बाधित.
हिरवी : अबाधित.
पिवळी : संशयित, म्हणजे अहवाल यायचा आहे.
परिपत्रकात काठाचा उल्लेख नव्हता.

मी कारकून. दवाखान्याच्या फाटकाशी मांडवात बसायचो.
पारा पंचेचाळीस, आणि कूलर बंद,
कारण कुठली हवा कुठे जाईल
हे कुणालाच ठरवता येत नव्हतं.
माणूस कुठे जाईल, ते मात्र
मी मनगटाला गाठ मारून ठरवायचो.

मुरलीधर निनावे, चोपन्न, तांडापेठ.
मंगळवार-शुक्रवार डायलिसिस, चार वर्षं.
त्या शुक्रवारी अंगात शंभर ताप.
मी पिवळी बांधली.
चाळीस वर्षं मागावर बसलेला माणूस,
दोन बोटांत फीत चोळून म्हणाला,
"पॉलिस्टर हाय बाबू. कितीबी धुवा, रंग नाई जात."

हिरव्या मजल्यावर चार मशिनी होत्या.
लाल मजल्यावर एक.
पिवळ्यांना व्हरांडा.
हिरवे म्हणाले, अहवाल आणा.
लाल म्हणाले, अहवाल आणा.
आणि प्रयोगशाळेत नळ्यांची रांग
आमच्या फाटकावरच्या रांगेहून लांब होती.

शनिवारी पाय सुजले.
रविवारी अंगठ्याने दाबलं तर खळगा
तसाच राहायचा,
भिजवलेल्या कणकेत राहतो तसा.
सिस्टर गजभिये तासातासाला खाली यायच्या,
प्लास्टिकच्या झग्यात निथळत,
आणि एवढंच विचारायच्या, "आला का?"
सहाच्या सुमाराला आल्या
आणि काहीच विचारलं नाही.
नुसत्या उभ्या राहिल्या.
चष्म्यावर वाफ होती,
तेव्हा डोळ्यांत काय होतं ते मला दिसलं नाही,
असं मी पुढे चौकशीत सांगितलं.

कात्री माझ्याच टेबलावर असायची.
पिवळी कापली, लाल बांधली.
रजिस्टरात "संशयित"वर आडवी रेघ,
वर "बाधित", सही, सहा वीस.
साडेसातला मशीन सुरू झालं.
आजूबाजूला चौदा जण खोकत होते.

सोमवारी दुपारी अहवाल आला.
अबाधित.
मी धावत हिरव्या मजल्यावर गेलो.
ते म्हणाले, लाल मजल्यावर रात्र काढलेला पेशंट,
नियमाने चौदा दिवस संशयित.
म्हणजे व्हरांडा.
मी खाली येऊन अहवाल खणात ठेवला,
त्यावर पंचिंग मशीन ठेवलं,
त्यावर डबा.

मंगळवार मिळाला. शुक्रवार मिळाला.
आठव्या दिवशी ताप चढला, पुन्हा नळी गेली,
आणि या खेपेला कागद रातोरात आला.
बाधित.
माझं अक्षर आणि त्यांचं अंग
आता जुळत होतं.
रजिस्टरात खाडाखोड करायची गरज उरली नाही.

शेवंताबाई आल्या त्या थंडीत,
आंबिया बहराची संत्री गाड्यावर संपत आली होती तेव्हा.
दाखला हवा होता.
मी सगळं सांगायचं ठरवून बसलो होतो,
कात्रीसकट, खणासकट.
त्यांनी सांगू दिलं. मधे एकदाच म्हणाल्या,
"म्हंजे पाच खेपा मशीन भेटली.
पाचव्या खेपेले फोनवर बोलले मले,
गॅसची टाकी कोनाकडे ठेवली ते सांगतलं."
मग कितीतरी वेळ दाखल्याकडे बघत राहिल्या.
कारणाच्या रकान्याकडे नाही, त्याच्या वर.

"हे निनावी लिवलं बाबू तुमी.
निनावे हाय आमी.
वेलांटी काढा.
मात्रा द्या."